सी४चा डाव: रविवारच्या रॅपिड (झटपट) बुद्धिबळासाठी

पंचेचाळिशीत मी ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) ही पहिली चाल सोडली. समोर बसणाऱ्या शाळकरी पोरांना सिसिलियनच्या (ई४ला काळ्याचं सी५ हे उत्तर) फांद्या तोंडपाठ. मी रात्री उजळणी करायचो आणि सकाळी विसरायचो. तेव्हापासून पांढरी मोहरी आली की सी४ (वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं), म्हणजे इंग्लिश ओपनिंग.

क्रम असा (नुसतं घर लिहिलं की चाल प्याद्याची): सी४, घोडा सी३, जी३, उंट जी२, डी३, घोडा एफ३, कॅसलिंग (राजाला हत्तीआड नेणं). काळ्याने ई५, घोडा सी६, जी६, उंट जी७ असं मांडलं, तर तुमचं काम वजिराच्या बाजूला. हत्ती बी१वर आणून बी४ची तयारी करा. तो ए५ खेळून अडवेल, तुम्ही ए३ करा. बी४वर प्याद्यांची मारामारी झाली की बी५, आणि सी६च्या घोड्याला उठावंच लागतं. आता आपला एफ३चा घोडा डी२वर सरकवा. जी२चा उंट थेट बी७कडे बघायला लागतो. नवखे इथेच चुकतात: घोडा वाटेतच ठेवतात आणि उंट काही करत नाही म्हणून कुरकुरतात.

हा उंट सहजासहजी देऊ नका. काळा वजीर डी७वर आला की पुढे उंट एच३ येणार. त्याआधी एफ१चा हत्ती ई१वर न्या, म्हणजे आपला उंट एच१च्या कोपऱ्यात लपतो. गेल्या पावसाळ्यात मी ही चाल आळसाने टाळली. उंट गेला, मागोमाग त्यांचं एच प्यादं आलं, आणि बाविसाव्या चालीला मी हार मानून हात पुढे केला. समोर सातवीतली मुलगी होती, चहा निवायच्या आत उठून गेली.

काळा ई५ आणि घोडा एफ६नंतर तिसऱ्याच चालीला डी५ खेळला तर हाताला सवयीने चालू देऊ नका. प्यादं मारा, घोड्याने परत मारू द्या, मग उंट जी२. डी५च्या घोड्यावर आता दुहेरी मारा आहे. तुम्ही घोडा मारलात आणि त्याने वजिराने परत मारला, तर उंट वजीरच खातो! म्हणून तो बहुधा घोडा बी६वर नेतो. मग घोडा एफ३, कॅसलिंग, डी३, ए३, बी४.

काळ्याने सी५ खेळून आपली नक्कल केली तरी बेत तोच.

ई६ आणि डी५ आलं तर डी४ खेळून वजिराच्या गॅम्बिटात (सी४चं प्यादं देऊ करणारी सुरुवात) शिरता येतं. १९७२ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या सामन्यात, सहाव्या डावात अमेरिकेचा फिशर असाच शिरला, आणि हरलेल्या सोव्हिएत स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. ते डाव ओळखीचे नसतील तर जी३च करा. मी तेच करतो.