जुन्या विहिरीसाठी निधी मागताय? आधी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या विहिरी, बारवा, घाट वाचवायला मंडळं पुढं येतात, पण अर्ज एकाच प्रश्नावर अडतो: जागा कोणाची? म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी हे करा.

१. नगर भूमापन कार्यालयातून किंवा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून त्या जागेची आखीव पत्रिका काढा. त्यावर ज्याचं नाव असेल, मग ती महापालिका असो, देवस्थान असो की खाजगी मालक, त्याचं लेखी ना-हरकत पत्र घ्या. तोंडी 'करा ना भाऊ' चालत नाही. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

२. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा, हवा असेल तर संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची १२ए आणि ८०जी, तसंच कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते. मंडळाकडे नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेला सोबत घ्या. वारसा जतन कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआर निधी चालणाऱ्या कामांच्या यादीत, येतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा.

३. अंदाजपत्रक चुन्याच्या कामाचं करा, सिमेंटचं नको. जुन्या दगडी बांधकामात सिमेंट ओल कोंडतं.

वास्तू शहराच्या वारसा यादीत असेल, तर वारसा संवर्धन समितीच्या परवानगीआधी साधी डागडुजीही सुरू करू नका.