‘नववधूसारखा शरद आला’: संस्कृत श्लोकांतली शरद् वाचताना या चुका टाळा

मराठी माणसाला ‘शरद’ म्हटलं की आधी पुरुष दिसतो. प्रत्येकाच्या वर्गात एखादा शरद होताच. त्यात ‘ऋतू’ हा शब्दही आपल्याकडे पुल्लिंगी. मग कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गातला पहिलाच श्लोक मराठीत आणताना हात आपोआप लिहून जातो, ‘नववधूसारखा देखणा शरद आला.’ मीही हेच लिहिलं होतं. मोठ्याने वाचल्यावर वर्ग हसला, तेव्हा कुठे चूक कळली.

संस्कृतात शरद् स्त्रीलिंगी आहे. ‘प्राप्ता शरन्नववधूरिव रूपरम्या’ असं कवी स्वच्छ सांगतो. काश नावाच्या गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचं वस्त्र नेसलेली, उमललेल्या कमळाचं तोंड, मत्त हंसांच्या आवाजाचे पैंजण आणि पिकत आलेल्या साळीसारखी किंचित वाकलेली अंगकाठी. दाण्यांनी लवलेली लोंबी आणि मान खाली घातलेली नवरी एका शब्दात बसवली आहे. ‘काशांशुका’ची फोड मात्र ‘काश + अंशुक’ अशी करा. अंशुक म्हणजे वस्त्र. ‘अंशु’ तोडून काशाचे किरण काढणारे भाषांतरकार भेटतात.

लिंगाची ही गोष्ट फक्त व्याकरणाची नाही, कवी त्यावर पात्रं ठरवतो. ‘ऋतुसंहारा’च्याच दुसऱ्या सर्गात पाऊस राजासारखा येतो, ढग त्याचे हत्ती, वीज पताका, गडगडाट वाद्य. ‘वर्षा’ स्त्रीलिंगी, म्हणून तिथे शब्द येतो ‘घनागमः’. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात कमळांचं छत्र आणि काशाची चवरी घेऊन राजा रघूची नक्कल केली जाते, तेव्हा कर्ता असतो पुल्लिंगी ‘ऋतुः’. नक्कल केली तरी रघूची शोभा काही त्याला मिळत नाही, हेही कालिदास सांगून टाकतो. पुढे थोड्याच श्लोकांनी नद्या उतारायोग्य करत, वाटांवरचा चिखल वाळवत रघूला मोहिमेवर निघायला लावणारी मात्र ‘शरत्’, आणि तिला विशेषणही स्त्रीलिंगी, ‘कुर्वती’. तेव्हा भाषांतराला बसण्याआधी कर्त्याच्या शब्दाखाली रेघ मारा. मराठीत ‘शरद आली’ कानाला खटकत असेल तर ‘शरदलक्ष्मी’ म्हणा, पण तिला मिशा लावू नका.

पानगळ आणू नका

कालिदासाच्या ओळीमागे लालपिवळी पानं गळतानाचं चित्र लावलेलं पाहिलं की मला राहवत नाही. तो परदेशातला हंगाम. आपल्याकडची शरद् आश्विन-कार्तिकातली, पाऊस ओसरल्यावरची, पानगळ शिशिरात. तिचा रंग पांढरा. काशाने जमीन, चंद्राने रात्री, हंसांनी नद्यांचं पाणी, कुमुदांनी तळी, मालतीने बागा पांढऱ्या झाल्या, असा ‘ऋतुसंहारा’त एक अख्खा श्लोकच आहे. त्यात सप्तच्छदही आहे, म्हणजे आपली सातवीण. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला ती लावलेली असते आणि ऑक्टोबरच्या रात्री तिचा उग्र वास डोकं धरायला लावतो. म्हणूनच ‘रघुवंशा’त या फुलांना हत्तीच्या मदाचा, म्हणजे माजावरच्या हत्तीच्या गंडस्थळातून गळणाऱ्या द्रवाचा, वास आहे आणि तो आल्यावर रघूचे हत्ती जणू ईर्षेने मद गाळू लागतात. भाषांतरात ‘मंद सुगंध’ लिहिणाऱ्याने एकदा त्या झाडाखाली उभं राहावं.

ओळखीचे शब्द जास्त फसवतात

‘प्रसन्न’ म्हणजे आनंदी, हे आपण गृहीत धरतो. संस्कृतात पाणीही प्रसन्न होतं, म्हणजे निवळतं. ‘कलुषित’ म्हणजे गढूळ आणि मन बिघडलेलंसुद्धा. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात, तिसऱ्या अंकात, सगळा श्लोक याच जोडीवर उभा आहे. समुद्र हा अनेक बायकांचा नवरा. त्याच्यावर गंगा ‘कलुषित’, रोडावत चाललेली. शरद् तिला कशीबशी वाटेवर आणते आणि ‘प्रसन्न’ करून नवऱ्याकडे घेऊन जाते. पावसाळ्यातली फुगलेली, गढूळ नदी पात्रात परतून निवळते, एवढीच घटना. इथे शरद् नववधू नाही, बोलण्यात पटाईत दूती आहे. दरवेळी तिला मुंडावळ्या बांधायची सवय इथे अंगाशी येते.

याहून अवघड श्लोक सुभाषितसंग्रहांत पाणिनीच्या नावावर मिळतो:

ऐन्द्रं धनुः पाण्डुपयोधरेण शरद्दधानार्द्रनखक्षताभम् ।
प्रसादयन्ती सकलङ्कमिन्दुं तापं रवेरभ्यधिकं चकार ॥

वरवर पाहता फिकट ढगावर इंद्रधनुष्य आहे, चंद्र उजळला आहे, ऊन वाढलं आहे. आता ‘पयोधर’चा दुसरा अर्थ घ्या, स्तन. इंद्रधनुष्य मग ओल्या नखक्षतासारखं, प्रियकराच्या नखाच्या ताज्या ओरखड्यासारखं दिसतं, डागाळलेल्या चंद्राची शरद् मनधरणी करते आणि सूर्य जळफळतो. ‘ताप’ म्हणजे आपली ऑक्टोबर हीट आणि मत्सरही. नायिका किंवा प्रियकर हे शब्द श्लोकात कुठेच नाहीत. शाळेतला ‘चेतनगुणोक्ती’चा शिक्का इथे मारून मोकळं होऊ नका, संस्कृत आलंकारिक याला समासोक्ती म्हणतात, म्हणजे एकाच्या वर्णनातून नाव न घेता दुसरंच काही सुचवणं. आणि सभ्यतेपायी एकच अर्थ ठेवलात, तर उरतो हवामानाचा अंदाज.

शेवटची चूक घाईची. शरद्-वर्णन आहे म्हणजे स्त्री झाली ती शरद्च, असं नसतं. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त चौथा सर्ग सुरू होतो तेव्हा अर्जुन जिच्याजवळ येतो ती यौवनात आलेली प्रिया म्हणजे भूमी. हंस इथेही किलबिलतात, पण पायात नाही, कमरेला. कारण इथे ते मेखला, म्हणजे कमरपट्टा, झालेले असतात.