कुत्र्या-मांजरांवरील प्रयोगांची माहिती मागताना या चुका टाळा

औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आता खानदेशात तालुक्यापर्यंत पोहोचली आहेत, आणि त्यांच्या प्राणीगृहांत काय चालते हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्यायला अधूनमधून कोणी ना कोणी माझ्याकडे येतो. बहुतेकांचा एक अर्ज आधीच फसलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खासगी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाच अर्ज धाडणे. शासनाचे भरीव अनुदान नसलेल्या संस्थेवर उत्तर देण्याचे बंधन नसते. कागद मात्र दुसरीकडे असतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची प्राणिप्रयोग नियंत्रण समिती आहे आणि 1998 च्या नियमांनुसार संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते. उंदरांवरील प्रयोगाला संस्थेची नैतिकता समिती मंजुरी देऊ शकते. कुत्रा-मांजर मोठ्या प्राण्यांत मोडत असल्याने तो प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(फ) प्रमाणे, शासकीय कार्यालयाला अन्य कायद्याने खासगी संस्थेकडून मिळवता येणारी माहितीही मागता येते. म्हणून अर्ज केंद्रीय समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा.

अमळनेरच्या एका तरुणाने हे ऐकून घेतले, पण घाईघाईत अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो दिल्लीला पाठवला. हा स्टॅम्प महाराष्ट्राच्या कार्यालयांत चालतो, केंद्राच्या नियमांत तो बसत नाही; तिथे पोस्टल ऑर्डर तरी लावावी किंवा ऑनलाइन शुल्क भरावे. अर्ज परत आला तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, दहा रुपये तर दहाच ना!" त्यातला प्रश्नही पाहण्यासारखा होता: "आपण आजवर किती मुक्या जीवांचा छळ होऊ दिला?" अशा प्रश्नाचे उत्तर कोणत्याच फायलीत नसते. मी तो खोडून एवढेच लिहिले, की अमुक संस्थेने मागील तीन आर्थिक वर्षांत कुत्रा व मांजर यांच्यासाठी केलेल्या फॉर्म बी अर्जांच्या (म्हणजे प्रयोगाची परवानगी मागणाऱ्या अर्जांच्या) आणि त्यांवरील निर्णयांच्या प्रती द्याव्यात. असा एकही प्रस्ताव आलेला नसल्याचे उत्तर आले. संस्थेच्या मागच्या आवारात दिसणारी कुत्री पहारेकऱ्याने पाळलेली होती, हे त्याने चौकशी केल्यावर कळले, आणि ती चौकशी त्याला पहिल्याच दिवशी करता आली असती.

नगरपालिकेची कुत्री पकडणारी गाडी निर्बीजीकरणासाठी फिरते. तिचा प्रयोगशाळेशी संबंध जोडू नये.

अमेरिकेतील नमुना उतरवून काढू नये. तिकडे प्रयोगशाळांना 1 डिसेंबरपर्यंत कृषी विभागाला वार्षिक अहवाल द्यावा लागतो आणि त्यात कुत्र्या-मांजरांची संख्या असते. आपल्या अर्जात त्या अहवालाचा हवाला निरुपयोगी आहे.

राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना एकच विषय आणि साधारण 150 शब्द ही मर्यादा पाळावी; केंद्राकडे ती 500 शब्दांची आहे. मी दोन्हीकडे अर्धे पान पुरवतो.

दहाव्या दिवशी अपील ठोकणाऱ्यांना मी हात जोडतो. उत्तराला 30 दिवस असतात, त्यानंतर पहिल्या अपिलालाही 30 दिवस मिळतात. माहिती नाकारताना व्यापारी गुपिताचे कारण पुढे येणार हे गृहीत धरून मी अर्जातच माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 चा आधार घेऊन लिहितो: "गोपनीय मजकूर वगळून उर्वरित प्रत द्यावी."