पिल्लू रात्री क्रेटमध्ये रडत होतं, अखेर हे लागू पडलं

कुत्र्याचं पिल्लू, ९ आठवड्यांचं. क्रेटचं, म्हणजे त्याच्या झोपायच्या जाळीच्या पिंजऱ्याचं, दार लावलं की केकाटणं सुरू. क्रेट दुसऱ्या खोलीत ठेवला, वर चादर टाकली, रडू दिलं, फरक शून्य. चार रात्री घरात कोणी झोपलं नाही.

मग क्रेट माझ्या पलंगाला टेकवला, दार माझ्याकडे. दिवसा जेवण आतच. आधी दार उघडं, दोन दिवसांनी फक्त खाईपर्यंत बंद, मग खाऊन झाल्यावर ५ मिनिटं बंद. रात्री झोपण्याआधी शू. पुढे २ वाजता गजर लावून, ते रडण्याआधीच उचलून बाहेर. दिवा मंद, बोलणं-खेळणं नाही, शू झाली की परत आत. खरा फरक या गजराने पडला. एवढ्याशा जिवाला रात्रभर धरवतच नाही. कुरकुरलं तर जाळीतून फक्त बोटं द्यायची. सहाव्या रात्री ते गजरापर्यंत गाढ झोपलं. आता गजर रोज १५ मिनिटं पुढे ढकलतोय.