जर्मनीत हिवाळ्याचे टायर घेताना: डोंगर आणि हिमकण बघा

टायरवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणजे हिवाळ्यात चालेल, या समजुतीवर जर्मनीत अजूनही जुने टायर घेतले जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेवढं पुरत नाही. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं चिन्ह हवंच, ऑल-सीझन (बारमाही) टायरवरसुद्धा. ते नसताना बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवली तर किमान ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक दंड-पॉइंट.

१. गाडी शहरात, सपाट भागात आणि बेताचीच फिरते? ऑल-सीझन घ्या. वर्षातून दोनदा टायर बदलायचा आणि ते ठेवायचा खर्च वाचतो.

२. आल्प्सकडे जाणं होतं किंवा घरच डोंगराळ भागात आहे? मग हिवाळ्याचे वेगळे टायर, ऑक्टोबर ते ईस्टर.

३. टायर कधी बनला ते बघायला त्याच्या बाजूवरच्या ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा.

जुने टायर चालतील का, हे बघायला २ युरोचं नाणं खाचेत उभं घाला. त्याची चंदेरी कड साधारण ४ मिमी रुंद असते. ती पूर्ण बुडाली नाही तर टायर बदला. कायद्याला खाचेची १.६ मिमी खोली चालते, पण बर्फावरची पकड त्याच्या बरीच आधी जाते.

पैसे वाचवायला फक्त पुढचे दोनच हिवाळी टायर कधीही लावू नका. ब्रेक मारला की पुढची चाकं धरतात, मागची घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते.