ऊसतोडीला जाताना टीबीच्या गोळ्या चालू कशा ठेवाव्यात

नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. सगळ्या एकदमच घ्यायच्या. ‘सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. मळमळलं तर आधी थोडं खा. लघवी केशरी होते, ते औषधामुळं, घाबरू नका.

खरी कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. बीड-धाराशिवच्या टोळ्या निघतात, खोकला थांबलेला असतो, भूक लागायला लागलेली असते आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या गावीच राहतात. बरं वाटतं, कारण बहुतेक जंतू मेलेले असतात. उरलेले चिवट जंतू मारायलाच पुढचे महिने लागतात. अर्धवट सोडलं की आजार उलटतो आणि हीच औषधं निकामी ठरू शकतात.

म्हणून निघायची तारीख कळली की त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा. कारखाना कोणता आणि तालुका कोणता, हे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून विचारून घ्या; आजार त्याला सांगायची गरज नाही. निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा तुमचा नंबर, कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये फोटोही काढा. हा नंबर देशभर चालतो, त्यामुळं कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढं चालू राहतो. किमान महिनाभराच्या गोळ्या मागून घ्या आणि तिकडं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळचं केंद्र गाठा. ‘संपल्या की बघू’ म्हणाल तर खंड पडलाच समजा. अडलं तर १८००-११-६६६६ वर फोन करा.

वेळ रात्रीची ठेवू नका. गाडी भरायला कधी बोलावतील, सांगता येत नाही. पहाटे भाकरी थापतानाच घ्या, आणि कोयत्यातल्या, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतल्या, जोडीदारानं समोर उभं राहून गिळलेलं पाहावं. हा संशय नव्हे, थकलेल्या माणसाला लागणारा आधार आहे. गोळ्या झाकणाच्या डब्यात, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) उन्हाची झळ लागणार नाही अशा जागी ठेवा.

काल चुकलं तर आज दुप्पट घेऊ नका. चुकलेला दिवस लिहून ठेवा आणि केंद्रात सांगा. तो शेवटी भरून काढतात.

डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा धूसर दिसायला लागलं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. पायाला मुंग्या आल्या तर गोळ्या सोडू नका, बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मागा. दारू पूर्ण बंद. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा या काळात धरू नका; दुसरं साधन वापरा.

पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात, बँक खातं नोंदवलेलं हवं. दोन महिन्यांनंतरची बेडक्याची तपासणी फडावर असताना आली, तर तिथंच करून घ्या. गावी परतायची वाट पाहू नका.