आक्रावर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

घानाच्या राजधानीत, आक्रात, मी काही महिने फील्डवर्क केलं. तेव्हापासून त्या शहरावर एमए किंवा पीएचडी करू पाहणाऱ्यांचे प्रस्ताव माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांचा विषय एकच, तो म्हणजे कायायेई. हौसा भाषेत ‘काया’ म्हणजे ओझं आणि गा भाषेत ‘येई’ म्हणजे बायका. उत्तर घानातून येऊन आक्राच्या बाजारात डोक्यावर माल वाहणाऱ्या या मुली. चुंबळ, तिच्यावर भलंमोठं अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं, पुष्कळदा पाठीला बांधलेलं तान्हं मूल. विषय मोलाचा आहे, म्हणूनच त्यावरचं काम कच्चं राहिलं की वाईट वाटतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच विमानात बसण्याआधीच टाळता येतात.

पैशाचा आकडा ऐकला तसा लिहिणं

माकोला बाजारात एका बाजारवालीला विचारलं, ‘ओझ्याचे मुलीला किती दिलेत?’ उत्तर आलं, ‘पन्नास हजार.’ तिने दिले होते पाच सेडी. जुलै २००७ मध्ये घानाने चलनातली चार शून्यं काढली आणि दहा हजार जुन्या सेडींची एक नवी सेडी झाली. नोटा बदलल्या, पण बोलण्यातला हिशेब आजही अनेकांच्या तोंडी जुनाच आहे. नवख्या संशोधकाच्या तक्त्यात मग मधेच एक अवाढव्य आकडा येतो. तो चुकीचा समजून गाळला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सरासरीत मिसळतो. उपाय साधा आहे. आकडा ऐकलात की तिथल्या तिथे नोट दाखवून खात्री करा आणि वहीत ‘जुने’ की ‘नवे’ ते लिहा. तक्ता आधीच भरला असेल, तर संशयास्पद आकड्याला दहा हजारांनी भागून पाहा.

दुसरी गोष्ट महागाईची. डिसेंबर २०२२ मध्ये घानातला महागाईचा दर ५४.१ टक्क्यांवर गेला होता. त्या काळात सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन मुलाखतींतली कमाई नुसती शेजारी मांडून ‘उत्पन्न वाढलं’ म्हणता येत नाही. तिथल्या सांख्यिकी खात्याचा महिन्याचा निर्देशांक लावूनच तुलना करा.

हद्द न बघता लोकसंख्या घेणं

ही चूक अनुभवी मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटते. २०१० च्या जनगणनेत आक्रा महानगर सभेच्या, म्हणजे तिथल्या महानगरपालिकेच्या, हद्दीत सोळा लाखांहून जास्त लोक होते. २०२१ च्या जनगणनेत त्याच नावाखाली तीन लाखांहूनही कमी भरले. माणसं कुठेच गेली नव्हती. मधल्या वर्षांत महानगर सभेतून अनेक नगरपालिका वेगळ्या काढल्या गेल्या आणि आयावासो, आब्लेकुमा, कोर्ले क्लोटे ही नावं स्वतंत्र झाली. एका प्रस्तावात मी ‘आक्राच्या मध्यवर्ती भागातून लोकांचं स्थलांतर’ असं अख्खं प्रकरण आखलेलं पाहिलं. त्याला आधार एवढाच, या दोन आकड्यांतला फरक.

शहर म्हणून तुलना करायची असेल तर ग्रेटर आक्रा विभाग धरा, तिथे २०२१ मध्ये ५४ लाखांवर लोकसंख्या होती. वस्तीपुरतं काम असेल तर दोन्ही जनगणनांच्या हद्दींचे नकाशे एकावर एक ठेवून पाहा आणि कुठली हद्द धरली ते पहिल्या प्रकरणातच सांगा.

वस्तीला बाहेरच्यांनी दिलेलं नाव

ओदाव नदीच्या काठावरची जुनी फादामा ही वस्ती. १९९४ मध्ये उत्तरेत कोंकोंबा आणि नानुंबा या जमातींत संघर्ष पेटला, त्यानंतर तिथून निघालेले अनेक जण इथे आले. शहरातले बाकीचे लोक तिला ‘सोडोम आणि गोमोरा’ म्हणतात, पापाची नगरी या अर्थाने. प्रबंधाच्या शीर्षकात हे नाव घालण्याचा मोह फार जणांना होतो. कृपा करून घालू नका. ते नाव वस्ती उठवण्याच्या प्रत्येक मागणीला हाताशी आलेलं आहे, आणि तिथली बाई तुमच्याशी बोलते ती आपल्या घराबद्दल.

शेजारच्या आग्बोग्ब्लोशीबद्दल ‘जगातला सर्वात मोठा ई-कचऱ्याचा उकिरडा’ हे वाक्य एकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात जात राहतं. तिथला भंगारबाजार जुलै २०२१ मध्ये सरकारने हटवला. कांदेवाल्यांनाही त्याच वर्षी आजेन कोतोकू इथे हलवलं. तरीही नवे प्रस्ताव त्याबद्दल वर्तमानकाळातच लिहिले जातात. तिथे आता काय आहे, माणसं कुठे पांगली, हाच खरं तर चांगला प्रश्न होता.

‘येते’ म्हणून ती गेली

मुलाखत चाललेली असते, मुलगी घमेलं पालथं घालून त्यावर बसलेली असते, आणि मधेच कोणीतरी ओझ्यासाठी हाक मारतं. ती उठते, ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणते आणि गर्दीत दिसेनाशी होते. युरोपातल्या एका सहकाऱ्याने याची नोंद ‘उत्तरदात्रीचं बोलणं विसंगत’ अशी केली होती. मराठी माणसाला हे समजायला अडचण पडू नये. आपणही उंबरठा ओलांडताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. त्वी भाषेत ‘मे को आबा’ म्हणजे अक्षरशः ‘जाऊन येते’. तेच घानातल्या इंग्रजीत उतरलं आहे. ती परत येते, तुम्ही फक्त थांबलं पाहिजे. आणि त्या थांबण्याचा वेळ वेळापत्रकात धरलेला असला पाहिजे, कारण तुमच्याशी बोलताना गेलेलं प्रत्येक ओझं म्हणजे तिची बुडालेली मजुरी.

दुभाष्याच्या बाबतीत घोळ जास्त होतो. लेगॉनला, म्हणजे घाना विद्यापीठाच्या परिसरात, मदतनीस सहज मिळतो. त्याला त्वी येते, गा येते. मुली मात्र बोलतात दागबानी किंवा माम्प्रुली या उत्तरेतल्या भाषा. मग उत्तर दागबानीतून मोडक्या त्वीत, त्वीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून तुमच्या डोक्यातल्या मराठीत येतं. मुलगी दोन मिनिटं बोलते आणि दुभाषी सांगतो, ‘ती म्हणते, काम कठीण आहे.’ असं झालं की तिथेच थांबा आणि तिने काय काय सांगितलं ते सगळं विचारून घ्या. तिचीच भाषा बोलणारी बाई दुभाषी म्हणून शोधा. तिच्या घरमालकाला, नातेवाइकाला किंवा तिला काम देणाऱ्या बाजारवालीला तिथे बसवू नका. काही ध्वनिमुद्रणं दुसऱ्या कोणाकडून पुन्हा उतरवून घ्या आणि दोन्ही पाठ ताडून पाहा.

संमती म्हणजे सही नव्हे

यातल्या बऱ्याच मुली अठरा वर्षांखालच्या असतात, आणि घानाच्या १९९८ च्या बालक कायद्यानुसार अठराखालची व्यक्ती बालकच. पालक सहाशे किलोमीटरवर, उत्तरेतल्या तामाले शहराच्या आसपासच्या गावात. कितीतरी जणींना जन्मवर्ष माहीत नसतं. अशा वेळी ‘वय १८’ असं अंदाजाने लिहून मोकळं होणं ही नुसती तांत्रिक चूक नाही, तो त्या मुलीवर अन्याय आहे. हा प्रश्न नीतिसमितीच्या अर्जातच मांडा: पालकांच्या जागी कोण, संमती तोंडी की लेखी, मुलीने मधेच नको म्हटलं तर काय. आपल्या विद्यापीठाची परवानगी मिळाली म्हणजे घानातली मिळाली असं धरू नका. तिथला अर्ज निघायच्या कितीतरी महिने आधी करा. २०१२ चा तिथला विदा (डेटा) संरक्षण कायदाही वाचून ठेवा.

बाजारात मुलींची एक म्होरकी असते, तिला ‘मागाजिया’ म्हणतात. तिला न भेटता थेट मुलींशी बोलायला गेलात तर दुसऱ्या दिवशी कोणी बोलणार नाही. भेटताना काहीही उजव्या हातानेच द्या.

टोपणनावं देताना कोफी, अद्वोआ असली नावं दिसली की मी पान उलटायचं थांबते. ती दक्षिणेतल्या अकान लोकांची, जन्मवारावरून पडलेली नावं. उत्तरेतल्या दागोंबा मुस्लिम मुलीला ‘अद्वोआ’ म्हटलं की प्रबंधातून तिचं गावच पुसलं जातं.

हमाल आणि माथाडी डोक्यात ठेवून जाणं

महाराष्ट्रातून गेलेल्याला कायायेई पाहिल्या की मार्केट यार्ड आठवतं. पण आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळं आहेत, नोंदणी आहे. आक्रात तसं काही नाही. बाजारकर मात्र या मुलींकडूनही घेतला जायचा, तो रद्द करण्याची घोषणा २०१७ च्या अर्थसंकल्पात झाली. ‘तुमची संघटना कोणती?’ हा प्रश्न तिथे पोकळ ठरतो. ‘पैसे कुठे ठेवतेस?’ विचारलंत तर सुसू गोळा करणारा कळतो. तो रोज थोडी रक्कम घेतो आणि महिनाअखेरीस एका दिवसाची रक्कम आपली म्हणून ठेवून बाकीची परत करतो. पिग्मी एजंट माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

घरभाड्याचंही तसंच. पाच-सात जणी मिळून एक लाकडी खोली घेतात आणि भाडं आठवड्याने देतात. प्रश्नावलीत ‘मासिक भाडं’ असेल तर उत्तर मनाने रचलेलं येतं.

वेळ

उत्तर घानात पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. पेरणीला काही मुली गावी परततात. आपल्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मे-जूनमध्ये गेलात तर वेगळीच संख्या दिसेल. शिवाय जून हा आक्रात पूर येण्याचा महिना. ३ जून २०१५ च्या रात्री शहरातल्या ‘सर्कल’ नावाच्या मोठ्या चौकाजवळ पूर आणि पेट्रोल पंपाच्या आगीत दीडशेहून जास्त माणसं गेली. ओदावच्या काठावर पावसात मुलाखती ठरवताना हे ध्यानात असू द्या.

निघण्याआधी मी माझे निष्कर्ष मुलींना वाचून दाखवले, संध्याकाळी, बाजार उठल्यावर. दुभाषीबाई एकेक वाक्य दागबानीत सांगत होत्या. कमाईचा भाग आला तेव्हा मागे बसलेल्या एकीने विचारलं, ‘घमेल्याचं भाडं लिहिलं का?’ नव्या आलेल्या मुलींकडे स्वतःचं घमेलं नसतं, ते रोजाने घ्यावं लागतं. चार महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी तिकीट आठ दिवस पुढे ढकललं आणि चाळीस जणींना पुन्हा भेटले.